फोर्स फीडबॅक जॉयस्टिक घेताना: आधी विमान, मग टेबल, मॉडेल सगळ्यात शेवटी

फोर्स फीडबॅक जॉयस्टिक म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या सिमसाठीची (सिम्युलेटरसाठीची) स्टिक, जी आतल्या मोटारींनी विमानाचा जोर हाताला जाणवून देते. लातूरहून विचारा, नांदेडहून विचारा की संभाजीनगरहून, प्रश्न ठरलेला असतो: "दादा, पैसे तयार आहेत, फक्त मॉडेलचं नाव सांगा." नाव सांगितलं की काही महिन्यांनी तक्रारीही ठरलेल्याच. स्टिक हलते पण सिममध्ये काही जाणवत नाही. टेबल करकरतं. कस्टमचा आकडा बघून डोळे पांढरे झाले. एकाच्या हातात तर फोर्स फीडबॅक नसलेलीच स्टिक आली होती.

या सगळ्या चुकांचं मूळ एकच, ते म्हणजे क्रम. मॉडेल आधी ठरवायचं आणि बाकीचं त्याला चिकटवायचं, अशी आपली पद्धत. खालचे टप्पे उलट्या बाजूने सुरू होतात. एखाद्या टप्प्यावर "माझं इथे अडतंय" असं वाटलं तर तिथेच थांबा, पुढे जाऊन ते सुटत नाही.

## टप्पा १: नक्की काय विकत घेताय ते ओळखा

बाजारात तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपवल्या जातात.

पहिली, स्प्रिंगची स्टिक. सोडली की मध्यावर येते, आणि तिचा मध्य कायम एकाच जागी असतो. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो किंवा थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम या जातीच्या. वाईट नाहीत, पण त्यात मोटार नाही.

दुसरी, थरथरणारी. हँडलमध्ये एक छोटी मोटार वजन फिरवते आणि हाताला कंप जाणवतो, मोबाइलच्या व्हायब्रेशनसारखा. स्टिकला ढकलायची ताकद तिच्यात नसते. जालन्याच्या एका मित्राने अशी स्टिक मागवली आणि पहिल्याच दिवशी फोन केला, "भाऊ, ही तर नुसती थरथरायलीय, ढकलंना काहीच." ती ढकलणार नव्हतीच.

तिसरी, खरी फोर्स फीडबॅक. दोन्ही अक्षांवर (पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे) मोटार असते. ती स्टिक ओढते, ढकलते, जड करते, सैल सोडते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टिकचा मध्यच दुसरीकडे नेऊन ठेवते.

ट्रिम म्हणजे हाताने धरून न ठेवता विमान स्थिर राहावं म्हणून कंट्रोलची नवी जागा ठरवून देणं. विक्रेत्याला विचारायचा प्रश्न त्यामुळे एकच: "ट्रिम केल्यावर स्टिकचा मध्य सरकतो का?" "हो, सिमने साथ दिली तर," असं उत्तर आलं तर पुढे बोला. "व्हायब्रेशन आहे ना सर" असं आलं तर नमस्कार करून निघा.

सावधान: जुन्या मालात लॉजिटेकची फोर्स थ्रीडी प्रो आणि एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो या दोन स्टिक नावाने आणि रूपाने सारख्या वाटतात. पहिलीत फोर्स फीडबॅक आहे, दुसरीत नाही. जाहिरातीतल्या नावावर जाऊ नका, बुडाच्या लेबलचा फोटो मागवा.

## टप्पा २: तुम्ही कोणतं विमान उडवता

हा टप्पा लोक सर्रास गाळतात, आणि पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात.

सेस्ना १७२ सारख्या विमानात कंट्रोल व्हीलपासून पंखाच्या आणि शेपटीच्या हलत्या भागांपर्यंत तारा गेलेल्या असतात. वेग वाढला की त्या भागांवर हवेचा दाब वाढतो आणि हात जड होतो. वेग पडला की कंट्रोल सैल लागतात. ट्रिम फिरवला की हातावरचा ताण उतरतो आणि कंट्रोल नव्या जागी आपोआप थांबतात. हे सगळं हाताला कळतं. स्पिटफायरसारखी दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं याच पंगतीतली. ह्यूई हेलिकॉप्टरमध्ये फोर्स ट्रिमचं बटण दाबून सायक्लिक (हेलिकॉप्टरची मुख्य स्टिक) हवी तिथे नेली आणि बटण सोडलं की ती तिथेच राहते. साध्या स्प्रिंगच्या स्टिकवर हे नीट जमतच नाही. यातलं काही तुम्ही रोज उडवत असाल तर फोर्स फीडबॅकचे पैसे वसूल होतील.

आता दुसरी बाजू. एअरबस ए३२० ची साइडस्टिक खऱ्या विमानातही स्प्रिंगचीच असते. पंखावरचा हवेचा दाब वैमानिकाच्या हातापर्यंत येत नाही. एफ-१६ ची स्टिक तर जेमतेम हलते, हाताचा दाब मोजून ती काम करते. ही दोनच विमानं उडवणाऱ्याने फोर्स फीडबॅकवर खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हॉल सेन्सरची (चुंबकावर चालणाऱ्या सेन्सरची) चांगली स्प्रिंग स्टिक घ्या आणि उरलेल्या पैशात रडर पेडल (नाक डावी-उजवीकडे वळवायचे पायातले पेडल) घ्या. पेडल नसतील तर कुठल्याही विमानासाठी आधी पेडलच घ्यावेत. पेडलचं काम महागड्या स्टिकच्या डाव्या-उजव्या पिळावर चालवत बसणं म्हणजे हौस अर्धवट.

बोइंग ७३७ या दोन्ही बाजूंच्या मधे येतं. तिथे कंट्रोल हायड्रॉलिकवर चालतात, पण हाताला वजन जाणवावं म्हणून वेगाप्रमाणे जड-हलकं करणारी कृत्रिम व्यवस्था बसवलेली असते. फोर्स फीडबॅकचा उपयोग होतो, मात्र हातात स्टिकपेक्षा योक (कंट्रोल व्हील) असलेला बरा. फक्त सेस्ना, एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) आणि ७३७ उडवणाऱ्याने मोझा एवाय२१० सारखे फोर्स फीडबॅकचे योक आधी बघावेत.

पायलट व्हायची तयारी करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. घरच्या सिमवरचे तास डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लायसन्ससाठी धरले जात नाहीत. ट्रिमची आणि चेकलिस्टची सवय लागते, तेवढ्यासाठी घ्यायची असेल तर घ्या.

तपासा: गेल्या महिन्यात खरोखर उडवलेली तीन विमानं कागदावर लिहा. उडवायची इच्छा आहे ती लिहू नका.

## टप्पा ३: तुमचं सिम स्टिकशी बोलतं का

मोटार कितीही दणकट असो, किती आणि कुठे ढकलायचं हे तिला सिमने सांगावं लागतं. विंडोजवर हे काम डायरेक्टइनपुट नावाच्या जुन्या व्यवस्थेतून चालतं. एक्सइनपुट म्हणून जी दुसरी व्यवस्था आहे तिच्यात फक्त गेमपॅडचा कंप आहे, स्टिक ढकलण्याची सोय नाही.

डीसीएस वर्ल्ड आणि आयएल-२ ग्रेट बॅटल्स या सिममध्ये फोर्स फीडबॅक आतच आहे. फाल्कन बीएमएस आणि जुना एफएसएक्स (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स) यांतही आहे. स्टिक जोडा, सेटिंगमध्ये चालू करा, झालं.

एक्स-प्लेन आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० यांचं तसं नाही. ती सिम वेग, ट्रिम, हवेचा दाब अशी माहिती बाहेर देतात, पण स्टिकला थेट हुकूम देत नाहीत. मधे एक दुभाषा सॉफ्टवेअर लागतं. डायरेक्टइनपुटवर चालणाऱ्या स्टिकसाठी एक्सपीफोर्स, ब्रुनर कंपनीच्या बेससाठी (बेस म्हणजे मोटारी असलेला खालचा भाग) सीएलएस२सिम, व्हीपीफोर्सच्या बेससाठी टेलेमएफएफबी, आणि मोझाचं स्वतःचं सॉफ्टवेअर. काही फुकट आहेत, काहींचे पैसे पडतात. सिमचं मोठं अपडेट आलं की दुभाषाही अपडेट होईपर्यंत कधीकधी थांबावं लागतं.

एक्सबॉक्स किंवा प्लेस्टेशनवर उडवत असाल तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. हे सगळं विंडोज पीसीसाठी आहे.

तपासा: टप्पा २ च्या कागदावर प्रत्येक विमानासमोर सिमचं नाव आणि "आतून" किंवा "दुभाषा" असं लिहा. बेस निवडायचा तो या कागदावर बसणारा. बेस निवडून मग दुभाषा शोधायला निघालात तर महिना त्यातच जातो.

## टप्पा ४: जोर किती हवा

जाहिरातीत मोठा आकडा असतो न्यूटन-मीटरचा. तो मोटारीच्या पिळाचा आकडा आहे, तुमच्या हाताला लागणाऱ्या जोराचा नाही. हाताचा जोर काढायचा तर तो आकडा स्टिकच्या लांबीने भागायचा. लांबी म्हणजे स्टिक ज्या बिंदूभोवती हलते तिथपासून तळहाताच्या मध्यापर्यंतचं अंतर, मीटरमध्ये. उत्तर न्यूटनमध्ये येतं, त्याला ९.८ ने भागलं की किलोत.

६ न्यूटन-मीटरचा बेस, हात २० सेंटिमीटरवर: ६ भागिले ०.२ म्हणजे ३० न्यूटन, साधारण ३ किलो.

९ न्यूटन-मीटरचा बेस, हात तिथेच: ४५ न्यूटन, साडेचार किलोच्या आसपास.

आता त्याच ९ च्या बेसवर १० सेंटिमीटरचा एक्स्टेन्शन दांडा बसवा. हात ३० सेंटिमीटरवर गेला, जोर पुन्हा ३० न्यूटन, म्हणजे ६ च्या बेसइतकाच. लांब दांड्याने हालचाल बारीक आणि नेमकी होते, जोर मात्र घटतो. "मोठा बेस घेतला तरी हलका का वाटतो?" असं विचारणाऱ्याच्या दांड्याची लांबी आधी मोजा.

साडेचार किलो कागदावर किरकोळ वाटतात. विहिरीतून अर्धी भरलेली बादली हात न टेकवता तासभर धरून बसायची असं समजा, म्हणजे अंदाज येईल. बहुतेकांना ६ च्या आसपासचा बेस पुरतो. महायुद्धातली विमानं वेगात वळवायची असतील, किंवा दोन पायांच्या मधे लांब दांडा बसवायचा असेल, तर ९ कडे वळा.

आकड्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा.

दिलेला आकडा क्षणभराचा आहे की सलग टिकणारा? मोटार तापली की बेस स्वतःहून जोर कमी करतो. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात खोलीच जिथे चाळिशीला टेकते, तिथे सलग टिकणारा आकडाच कामाचा.

ग्रिप, म्हणजे हातात धरायचा वरचा भाग, सोबत येते का? बरेच बेस ग्रिपशिवाय विकतात. जुनी ग्रिप बसवणार असाल तर आटे जुळणं एवढंच पुरत नाही, आतला कनेक्टर आणि बटणांची भाषाही जुळावी लागते. आटे बसले, स्टिक उभी राहिली आणि एकही बटण चालेना, हा प्रकार नेहमीचा आहे. धातूची जड ग्रिप असेल तर ती कलली की तिचं स्वतःचं वजन मोटारीला पेलावं लागतं आणि जोराचा एक हिस्सा त्यातच जातो. सॉफ्टवेअरमध्ये ग्रिपच्या वजनाची भरपाई करायची सोय आहे का, हे पाहा.

हळू फिरवताना दाते जाणवतात का? मोटारीतल्या चुंबकांमुळे काही बेसमध्ये स्टिक सावकाश नेली की टकटक टप्पे लागतात. लँडिंगच्या वेळी जिथे मिलिमीटरभर हालचाल करायची असते, तिथे हे फार खुपतं. ओळखीत कुणाकडे तो बेस असेल तर जाऊन हाताने फिरवून बघा. व्हिडिओत हे कळत नाही.

## टप्पा ५: टेबल, स्टिक घेण्याआधी

पाच किलोचा जोर टेबलाच्या कडेला पिळत असतो, आणि तोही सेकंदाला अनेक वेळा दिशा बदलत. ऑनलाइन मिळणारी कॉम्प्युटर टेबलं बहुधा भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डची असतात. त्यांच्या कडेला क्लॅम्प कसला की आधी सनमायका फुगतो, मग आतला भुसा सुटतो. १८ किंवा १९ मिलिमीटरचा चांगला प्लायवूड टिकतो. सागवानी जुनं टेबल असेल तर उत्तमच, मात्र त्याचे पाय हलत असतील तर आधी सुताराला बोलवा.

स्टिक न घेताही टेबलाची परीक्षा घेता येते. एक जाड लाकडी दांडकं टेबलाच्या कडेला दोन जी-क्लॅम्पने उभं आवळा. टेबलाच्या पृष्ठभागापासून २० सेंटिमीटरवर दोरी बांधा आणि भाजीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा ताणकाटा तिला अडकवून आडवा ओढा. काटा ५ किलोवर जाईपर्यंत. आता टेबलाकडे बघा. कड वर उचलली गेली, पाय सरकला, मॉनिटर डोलू लागला, तर ते टेबल या कामाचं नाही. हीच परीक्षा मागे-पुढे आणि डावीकडे-उजवीकडे अशी चारही बाजूंनी करा. टेबलं बहुतेक वेळा आडव्या ओढीला हार खातात.

टेबल नापास झालं तर स्वतंत्र स्टँड करून घ्या. मराठवाड्यात हे काम स्वस्तात आणि नीट होतं. वाळूज, चिकलठाणा, लातूर, नांदेड, कुठल्याही एमआयडीसीच्या आसपास लेझर कटिंगवाले आणि फॅब्रिकेशनवाले भेटतात. ६ मिलिमीटरची लोखंडी प्लेट आणि ४० बाय ४० चा चौकोनी पाइप सांगा.

कंपनीच्या संकेतस्थळावरून बेसच्या भोकांचा नकाशा उतरवून घ्या आणि प्रिंट काढताना प्रमाण १०० टक्के ठेवा. प्रिंटर सवयीने पानात बसवायला चित्र लहान करतो. मग कागदावरची दोन भोकांमधली लांबी स्टीलच्या पट्टीने मोजा आणि नकाशावर छापलेल्या आकड्याशी जुळवा. तीन मिलिमीटरचा फरक असला तरी ती प्लेट भंगारात जाते. भोक बोल्टपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं ठेवायला सांगा, खाली स्प्रिंग वायसर घाला. साधा वायसर कंपाने ढिला होतो.

उंची ठरवताना खुर्चीत नेहमीसारखं बसा. हात ग्रिपवर, कोपर काटकोनाच्या आसपास, खांदा सैल. दोन पायांच्या मधे स्टिक बसवणार असाल तर ती पूर्ण मागे ओढल्यावर पोटाला आणि पूर्ण डावी-उजवी नेल्यावर मांडीला लागत नाही ना, हे दांडक्यानेच बघून घ्या.

सावधान: चाकांची खुर्ची विसरू नका. स्टिक ढकलली की तुम्ही मागे जाता. चाकांना लॉक बसवा, किंवा चाकं काढून साधे बुड लावा.

## टप्पा ६: वीज आणि खोली

अर्थिंग आधी. आपल्याकडे तीन पिनचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनमागे वायर असेलच असं नाही. असली तरी उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढे व्होल्ट येतात, जवळपास तेवढेच फेज आणि अर्थमध्ये यायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये फक्त थोडेसे. फरक मोठा असेल तर खड्ड्यात पाणी, मीठ, कोळसा बघायला सांगा. धातूच्या बेसला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर खेळ थांबवा आणि वायरमनला फोन करा.

लाईट जाणं गृहीत धरा. फोर्स फीडबॅक स्टिकला सहसा आत स्प्रिंग नसते. वीज गेली की स्टिक मान टाकते. वीज आली की बेस चालू होऊन स्टिकला झटक्यात मध्यावर नेऊ शकतो. त्या वेळी हात किंवा लहान मुलाचं तोंड जवळ असू नये. म्हणून बेसचा स्विच वेगळा आणि हाताशी ठेवा, आणि लाईट गेली की तो लगेच बंद करा.

पीसीसाठीच्या ६०० व्हीएच्या यूपीएसला हा बेस जोडू नका. तसला यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, ग्राफिक कार्ड असलेला पीसीच तो पुरता खातो. पीसी यूपीएसवर आणि बेस सरळ भिंतीच्या सॉकेटवर, हे बरं. घरच्या इन्व्हर्टरवर बेस चालवायचाच असेल तर इन्व्हर्टर साइनवेव्हचा हवा.

कूलरची हवा थेट स्टिकवर येऊ देऊ नका. उन्हाळ्यात सगळे तेच करतात, आणि पाण्याचे बारीक कण सेन्सरपर्यंत जातात. वापर झाला की सुती कापड झाका. धुळीचं काय सांगायचं, तुम्हाला माहीतच आहे.

यूएसबी वायर मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावा. हबमधून लावल्यावर अधूनमधून स्टिक गायब होते आणि माणूस बेसला दोष देत बसतो.

## टप्पा ७: नवा की जुना, आणि खरा खर्च

जुन्यात लोकांना हवी असते ती मायक्रोसॉफ्टची साइडवाइंडर फोर्स फीडबॅक २. यूएसबीची आहे, आजही चालते, जोर हलका पण नीट जाणवणारा. घेताना तीन गोष्टी बघा. बुडाच्या लेबलवर व्होल्टेज किती लिहिलंय? तिचा वीजपुरवठा आतच असतो. अमेरिकेतून आलेली ११०-१२० व्होल्टची असली आणि आपल्या २३० च्या सॉकेटला लावली तर धूर निघेल. ग्रिपवरचा हात ओळखणारा सेन्सर चालतो का? हात ठेवल्यावरच ती जोर लावते, सेन्सर मेला तर स्टिकही मेल्यासारखी. आणि वायर यूएसबीची आहे ना? तिच्या आधीची फोर्स फीडबॅक प्रो जुन्या १५ पिनांच्या गेमपोर्टची होती, आजच्या पीसीला ती सरळ लागत नाही.

लॉजिटेकची जी९४० ही कधीकधी विकायला दिसते. थ्रॉटल आणि पेडल सोबत असतात म्हणून मोह होतो. चालू करून, दोन्ही अक्षांवर जोर बघून, पोटेन्शिओमीटर उड्या मारत नाहीत याची खात्री करूनच पैसे द्या. कुरियरने मागवू नका, मुंबई-पुण्यात असेल तर कुणाला तरी बघायला पाठवा. जुना माल परदेशातून मागवायच्या भानगडीत तर पडूच नका, कस्टममध्ये अडकतो.

नव्यात मोझाचे एबी६ आणि एबी९, व्हीपीफोर्सचा रायनो आणि स्वित्झर्लंडच्या ब्रुनरचे बेस ही नावं समोर येतील. ब्रुनर महाग, व्यावसायिक दर्जाचा. घरगुती माणसाचा निर्णय बहुतेक वेळा पहिल्या तिनांतच होतो.

भारतातल्या विक्रेत्याकडे मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी तिथूनच घ्या. बाहेरून मागवणार असाल तर संकेतस्थळावरची किंमत ही फक्त सुरुवात आहे. तिच्यावर कुरियर, आणि तो बरेचदा खोक्याच्या आकारमानावरून आकारला जातो. मग बेसिक कस्टम ड्युटी, ड्युटीवर सोशल वेल्फेअर सरचार्ज, आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी. वर कुरियर कंपनीची क्लिअरन्स फी. ऑर्डर देण्याआधी कुरियर कंपनीला फोन करून तुमच्या मालाचा आजचा दर विचारा, दर बदलत राहतात. आधार-पॅनची केवायसी आधीच करून ठेवा, नाहीतर माल मुंबईत पडून राहतो आणि डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) तुमच्या नावावर चढतं. पत्ता तालुक्याच्या गावचा असेल तर ते कुरियर तिथपर्यंत येतं का, हेही विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी नातेवाईक असेल तर त्याचा पत्ता द्या.

वॉरंटीबद्दल विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्या: बिघडला तर परत पाठवायचा खर्च कुणाचा, आणि नुसता सुटा भाग ते पाठवतील का? सुटा भाग पाठवणारी कंपनी आपल्यासाठी सोन्यासारखी. नऊ-दहा किलोचं खोकं परदेशात परत पाठवून पुन्हा कस्टममधून सोडवणं कुणाला परवडत नाही.

तपासा: बेस, ग्रिप, दांडा, स्टँड, दुभाषा सॉफ्टवेअर, कुरियर, कर, वायरमन. या सगळ्यांची बेरीज केल्याशिवाय "बजेट" हा शब्द तोंडातून काढू नका.

## टप्पा ८: माल आला, आता घाई नको

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, कुरियरचं लेबल दिसेल असा. मग याच क्रमाने:

१. बेस स्टँडवर पक्का आवळा. टेबलावर नुसता ठेवून "जरा चालू करून बघू" म्हणणाऱ्यांचे बेस खाली पडलेत.

२. वीज द्या, यूएसबी जोडा, कंपनीचं सॉफ्टवेअर टाका, फर्मवेअर (बेसच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. अपडेट चालू असताना लाईट गेली तर पंचाईत, म्हणून भारनियमनाची वेळ बघून करा.

३. एकूण जोर ३० टक्क्यांवर आणा. पहिल्या दिवशी पूर्ण जोर लावू नका.

४. कॅलिब्रेशन करा आणि स्टिक चारही कोपऱ्यांत नेऊन बघा. कुठे अडते, घासते, दाते लागतात?

५. सिममध्ये जुन्या स्टिकच्या सगळ्या नेमणुका पुसा. दोन उपकरणं एकाच अक्षावर असली की विमान वेड्यासारखं करतं. डेडझोन (मध्याजवळचा प्रतिसाद न देणारा भाग) शून्य, कर्व्ह (हालचाल आणि प्रतिसाद यांचं नातं) सरळ.

६. सिममधलं फोर्स फीडबॅक चालू करा. डीसीएसमध्ये त्याची टिक ऑप्शन्समधल्या मिसलेनियस पानावर असते.

आता दिशेची परीक्षा. डीसीएसमध्ये विमान हवेत घ्या आणि नाक वर असा ट्रिम द्या. स्टिकने मागे सरकायला हवं. ती डावीकडे-उजवीकडे सरकली तर अक्षांची अदलाबदल झालीय. पुढे सरकली तर दिशा उलटी आहे. अक्षांच्या पानावर एफएफ ट्यून नावाची खिडकी आहे, तिथे अदलाबदल आणि उलट करण्याचे दोन्ही पर्याय मिळतात. ही परीक्षा न करता लोक महिनोन्महिने उडवतात आणि "ट्रिम विचित्र वाटतोय" म्हणत राहतात.

सावधान: हात सोडल्यावर स्टिक स्वतःच मागे-पुढे झुलू लागली आणि झोके वाढत गेले, तर बेस बिघडलेला नाही. डॅम्पिंग, म्हणजे झोके शमवणारा विरोध, कमी आहे. डॅम्पर थोडा वाढवा, मग थोडं फ्रिक्शन (घर्षण). दोन्ही एकदम वाढवलं तर स्टिक चिखलात रुतल्यासारखी होते आणि हवेचा बारीक इशारा हाताला लागतच नाही.

## टप्पा ९: उडवून खात्री

सेस्ना १७२ घ्या, चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून उडा, वारा शून्य ठेवा. मोकळं आकाश आहे आणि खालचा मुलूख ओळखीचा, त्यामुळे लक्ष हाताकडे राहतं.

वेग वाढताना स्टिक आपोआप जड होत गेली पाहिजे. धावपट्टीवर उभ्या विमानात आणि ९० नॉटला सारखीच लागत असेल, तर तुम्हाला जाणवतंय ते सिमचं नाही, बेसच्या स्वतःच्या स्प्रिंगचं बळ आहे. दुभाषा चालू आहे का बघा.

उंची पकडा, पॉवर कमी करा, नाक वर धरून ठेवा. हाताला ताण येईल. आता ट्रिम सावकाश फिरवा. ताण उतरत उतरत शून्यावर आला पाहिजे, आणि हात सोडल्यावर स्टिक तिथेच, मध्यापासून थोडी मागे, राहिली पाहिजे. ही एक गोष्ट नीट झाली तर तुमचे पैसे कारणी लागले.

मग पॉवर काढा आणि वेग पडू द्या. स्टॉल (वेग पडून पंखांची उचल सुटणं) जवळ येताना स्टिक सैल, पोकळ वाटू लागते. इथे काहीच बदल जाणवला नाही तर जोर ३० वरून ४५-५० टक्क्यांपर्यंत वाढवा आणि पुन्हा करा. त्याहून वर जायची गरज सहसा लागत नाही. पूर्ण जोरावर तासभर उडवून मनगट धरलेले लोक मला माहीत आहेत.

परत करायच्या मुदतीत एवढं सगळं उरका. एका अक्षावर जोर नसणं, कोपऱ्यात घासणं, हळू फिरवताना टकटक, वीस मिनिटांत बंद पडण्याइतकं तापणं, हे दोष आहेत. व्हिडिओ काढा आणि लगेच कळवा. झुलणं, उलटी दिशा, कमी जोर ही सेटिंगची कामं आहेत, त्यासाठी माल परत करून कुरियरचं नुकसान करून घेऊ नका.

खोकं आणि आतला फोम मात्र वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. घरच्यांनी रद्दीवाल्याला देऊ नये म्हणून त्यावर जाड पेनाने तारीख लिहा.